बंदूक तीच, गोळी तीच, किंमत फक्त १५० डॉलरने कमी झाली आणि अख्खा गेम बदलला!

ऑक्टोबर २०१८. काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह या गेमचं एक अपडेट आलं. त्यात एक छोटीशी ओळ होती. ऑग नावाच्या रायफलची किंमत ३३०० वरून ३१५० डॉलर केली आहे, एवढंच. हे डॉलर गेममधले, खिशातले नाहीत.

तोपर्यंत ऑग म्हणजे लग्नात घेतलेला सूट. कपाटात आहे हे सगळ्यांना माहीत, पण बाहेर कुणी काढत नाही. बचाव करणारी टीम डोळे झाकून एम४ घ्यायची.

अपडेटनंतर काही महिन्यांत चित्र असं पालटलं की २०१९ च्या सुरुवातीला पोलंडमधल्या कातोवित्से इथे झालेल्या मेजर स्पर्धेत जगातले सर्वात भारी खेळाडू हातात ऑग घेऊन उभे दिसले. बघणारे वैतागले, विरोधात खेळणारे त्याहून जास्त वैतागले. शेवटी २०१९ मध्येच गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने किंमत परत ३३०० केली.

आता प्रश्न असा की बंदुकीची ताकद न वाढवता नुसत्या १५० डॉलरने एवढा गोंधळ कसा काय होतो? आणि बीजीएमआयपासून कॉल ऑफ ड्यूटीपर्यंत प्रत्येक अपडेटनंतर कमेंटमध्ये 'गेमची वाट लावली' असं का लिहिलेलं असतं? समजून घेऊ.

बॅलन्स म्हणजे सगळं सारखं करणं नव्हे

गल्ली क्रिकेट आठवा. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला चिडक्या काकांचं घर. एखादा दादा मोठा असतो, प्रत्येक बॉल टोलवतो. मग पोरं काय करतात? त्याच्या हातातली बॅट काढून घेत नाहीत. नियम लावतात. 'एक टप्पा आऊट', 'काकांच्या अंगणात डायरेक्ट गेला तर आऊट'. दादा अजूनही मारू शकतो, पण आता त्याला जपून मारावं लागतं. खेळ पुन्हा रंगतो.

यालाच गेमच्या भाषेत बॅलन्सिंग म्हणतात. मोठं क्रिकेटही हेच करतं. बॅटी फार जाड व्हायला लागल्या तेव्हा एमसीसीने १ ऑक्टोबर २०१७ पासून बॅटच्या कडेची जाडी ४० मिलिमीटर आणि मधली जाडी ६७ मिलिमीटरपर्यंत मर्यादित केली. बॅट आणि बॉल दोघांनाही संधी राहावी एवढाच हेतू.

शूटर गेममध्ये सगळ्या बंदुका एकसारख्या केल्या तर भांडणच मिटेल, पण खेळही संपेल. मजा निवडीत आहे. लांबून मारणारी घेऊ की जवळून? स्वस्त घेऊन पैसे वाचवू की महाग घेऊन डाव लावू? जोपर्यंत या प्रश्नाला एकच उत्तर नाही, तोपर्यंत गेम जिवंत. ज्या दिवशी सगळे एकच बंदूक उचलतात, त्या दिवशी बाकीच्या बंदुका फक्त शोभेच्या.

एखादं शस्त्र कमजोर करणं म्हणजे 'नर्फ'. हा शब्द आला नर्फ नावाच्या खेळण्यातल्या बंदुकांवरून, ज्यातून फोमच्या गोळ्या सुटतात. ताकद वाढवली की 'बफ'. आणि सध्या कुठली शस्त्रं, कुठले डावपेच चालतात त्या हवेला म्हणतात 'मेटा'.

बंदूक म्हणजे आकड्यांचा तक्ता

स्क्रीनवर दिसते ती बंदूक. गेमच्या आत असतो एक तक्ता: एका गोळीचं नुकसान किती, मिनिटाला गोळ्या किती, मॅगझिनमध्ये किती, चिलखत किती भेदते, झटका किती, लांब गेल्यावर गोळीचा जोर किती उतरतो.

काउंटर-स्ट्राइकमधल्या दोन प्रसिद्ध रायफली घेऊ. हल्ला करणाऱ्यांची एके-४७ आणि बचाव करणाऱ्यांची एम४ए४. खेळाडूचा जीव १००.

एकेच्या गोळीचं मूळ नुकसान ३६. डोक्यात लागली तर चौपट, म्हणजे १४४. समोरच्याने हेल्मेट घातलंय, तर त्यातलं ७७.५ टक्के पोचतं. म्हणजे साधारण १११. खेळ खल्लास.

एम४ए४ ची गोळी ३३ ची. चौपट १३२, पण हेल्मेटमधून ७० टक्केच पोचतं. म्हणजे साधारण ९२. समोरचा जिवंत! जेमतेम ८ जीव उरला, पण उरला.

आता अंगावर मारल्याचं गणित. चिलखतातून एकेची गोळी साधारण २८ चं नुकसान करते, म्हणजे ४ गोळ्या. एके मिनिटाला ६०० गोळ्या झाडते, दोन गोळ्यांमध्ये ०.१ सेकंद. पहिली गोळी शून्याला धरली तर चौथी ०.३ सेकंदाला लागते. एम४ए४ ची गोळी चिलखतातून साधारण २३ चं नुकसान करते, म्हणजे ५ गोळ्या. ती मिनिटाला ६६६ झाडते, तरी पाचवी गोळी लागेपर्यंत साधारण ०.३६ सेकंद जातात. या वेळेला गेमर 'टाइम टू किल' म्हणतात. फरक पापणी लवण्याहूनही कमी, पण जीव त्यातच जातो.

वर मजा बघा. ऑगच्या त्या अपडेटच्या काळात एके होती २७०० डॉलरला आणि एम४ए४ ३१०० ला. म्हणजे जास्त ताकदीची बंदूक स्वस्त! हा अन्याय झाला का?

नाही. कारण हल्ला करणाऱ्यांना मोकळ्या जागेतून आत घुसायचं असतं. बचाव करणारा आधीच कोपऱ्यात दबा धरून बसलेला असतो. जागेचा फायदा एकाला, तर बंदुकीचा फायदा दुसऱ्याला. शिवाय एकेचा झटका आवरायला जास्त अवघड. आणि ठरावीक राऊंडनंतर दोन्ही टीम बाजू बदलतात, त्यामुळे जे आज तुम्हाला नडतं तेच थोड्या वेळाने तुमच्या कामाला येतं.

थोडक्यात, बंदूक भारी आहे का, या प्रश्नाला एकट्याने उत्तर नसतं. ती कुणाच्या हातात, कुठे आणि कशाच्या बदल्यात, हे बघावं लागतं.

मग ऑगचं काय झालं?

ऑगला दुर्बीण आहे आणि तिची गोळी चिलखत ९० टक्के भेदते. मूळ नुकसान २८. गणित करा: चौपट ११२, त्याचे ९० टक्के साधारण १०१. अगदी जवळून हेल्मेटवाल्यालाही एका गोळीत आडवं करते. जे एम४ला जमत नाही ते.

३३०० ला घेताना खेळाडू विचार करायचा की २०० डॉलर जास्त द्यायचे, तेवढ्यात फ्लॅश ग्रेनेडचा खर्च निघतो. राहू दे. ३१५० झाल्यावर फरक उरला फक्त ५० डॉलरचा. ५० डॉलरमध्ये दुर्बीण आणि वर चिलखत भेदण्याची ताकद! रिचार्जचा प्लॅन घेताना दहा रुपये जास्त देऊन दुप्पट डेटा मिळत असेल तर आपण काय करतो? तेच जगभरातल्या खेळाडूंनी केलं.

यातून एक गोष्ट कळते. एखादं शस्त्र वर्षानुवर्षं कुणी वापरत नाही म्हणजे ते कमजोर असतंच असं नाही. लोकांना सवयीतून बाहेर पडायला निमित्त लागतं, आणि एकदा निमित्त मिळालं की ते परत सवय मोडत नाहीत.

हल्ला करणाऱ्यांच्या बाजूला अशीच दुर्बीणवाली एसजी ५५३ होती. तिचीही किंमत उतरवल्यावर तोच खेळ झाला. तिथे तर किंमत परत वाढवूनही लोक हटेनात. शेवटी २०२० मध्ये तिची अचूकताच कमी करावी लागली. म्हणजे किंमत हे औषध दरवेळी लागू पडतंच असं नाही.

सगळ्यात मोठी डोकेदुखी: एका गोळीत मारणारी बंदूक

बॅलन्सिंगचं सगळ्यात अवघड पेपर म्हणजे स्नायपर. काउंटर-स्ट्राइकमधली एडब्ल्यूपी, खेळाडूंच्या तोंडी 'ऑप', पायाला सोडून कुठेही लागली की माणूस संपला. समोरच्याला चूक सुधारायची संधीच नाही. अशी बंदूक गेममध्ये ठेवायची तरी कशी?

तिच्या भोवती अडचणी उभ्या करून. किंमत ४७५० डॉलर. दोन गोळ्यांमध्ये जवळपास दीड सेकंद. हलताना नेम लागत नाही. आणि सगळ्यात हुशार अट म्हणजे बक्षीस. रायफलने एकाला मारलं की ३०० डॉलर मिळतात, बहुतेक एसएमजींना ६००, चाकूने मारलं तर १५००. ऑपने मारलं तर फक्त १००! म्हणजे ऑप घेऊन तुम्ही मेलात आणि बंदूक गमावली, तर पुढचे दोन-तीन राऊंड अख्खी टीम कडकी काढणार.

तरीही २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये व्हॉल्व्हने तिच्या मॅगझिनमधल्या गोळ्या १० वरून ५ केल्या. नुकसान तेवढंच, वेग तोच, किंमत तीच. पण आता धुरातून अंदाजाने गोळ्या झाडणं महागात पडू लागलं. एकट्याने अख्खा रस्ता अडवून धरायचा तर मध्येच गोळ्या संपतात आणि त्या भरायच्या क्षणी समोरचे घुसतात. नेम लावून मारणाऱ्याचं फारसं बिघडलं नाही, उधळपट्टी करणाऱ्याचं बिघडलं.

असाच एक किस्सा हेलो ३ चा. २०१० मध्ये गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये बंजी कंपनीचे डिझायनर जेमी ग्रीसमर यांनी एक अख्खं भाषण फक्त एका बदलावर दिलं. हेलो ३ च्या स्नायपर रायफलच्या दोन गोळ्यांमधला वेळ ०.५ वरून ०.७ सेकंद करणं, एवढाच तो बदल! ऐकायला गंमत वाटते, पण विचार करा. पहिली गोळी लागली तर ०.२ सेकंदाने काही फरक पडत नाही. हुकली तर मात्र समोरच्याला आडोशाला पळायला वेळ मिळतो. कौशल्याला धक्का नाही, चुकीची किंमत वाढली.

चांगला नर्फ ओळखायची खूण हीच. तो ताकद हिसकावत नाही, फुकटेपणा हिसकावतो.

कंपन्या चुकतातच, आणि जोरात चुकतात

डिसेंबर २०१५ मध्ये काउंटर-स्ट्राइकमध्ये आर८ नावाची रिव्हॉल्व्हर आली. हजार डॉलरच्या आतली बंदूक आणि छातीत एक गोळी लागली की माणूस गार. म्हणजे गरिबांची ऑप! दोनेक दिवस गेममध्ये जो तो रिव्हॉल्व्हर घेऊन फिरत होता. लगेच तिचं नुकसान कमी करावं लागलं.

डिसेंबर २०२० मध्ये कॉल ऑफ ड्यूटी: वॉरझोनमध्ये ब्लॅक ऑप्स कोल्ड वॉर या नव्या गेमच्या बंदुका आणल्या गेल्या. त्यातल्या डीएमआर १४ ने नुसता धुमाकूळ घातला. जवळ, लांब, सगळीकडे तीच. झटका नगण्य, नुकसान भरपूर. जानेवारी २०२१ मध्ये तिला कमजोर केलं, ते पुरलं नाही म्हणून त्याच महिन्यात पुन्हा केलं.

हजारो तास चाचणी करूनही असं का होतं? कारण साधं आहे. कंपनीच्या ऑफिसात शंभर-दोनशे जण खेळून बघतात. गेम बाहेर आला की लाखो लोक एकाच वेळी त्यातली फट शोधायला बसतात. एकाला सापडली की त्याचा व्हिडिओ येतो आणि रात्रीत सगळ्यांना कळतं. पूर्वी एखादी युक्ती पसरायला महिने लागायचे, आता एक रील पुरतं.

दुसरं कारण म्हणजे एकच बंदूक दोन माणसांच्या हातात दोन वेगळ्या गोष्टी असतात. २००९ च्या मॉडर्न वॉरफेअर २ मध्ये रायफलला जोडायच्या ग्रेनेड लाँचरला लोक 'नूब ट्यूब' म्हणायचे. नवख्यांसाठी तो वरदान, कारण नेम लागलाच पाहिजे असं नाही. कसलेल्यांना मात्र तो शाप. आता कंपनीने कुणाचं ऐकायचं?

म्हणून नुसता 'किती लोक वापरतात' हा आकडा बघून चालत नाही. एखादी बंदूक भारी आहे म्हणून वापरली जाते, की सोपी आहे म्हणून, की दिसायला भारी आहे म्हणून? कोणत्या पातळीचे खेळाडू वापरतात? ती वापरून जिंकतात, की जिंकणारेच ती वापरतात? राएट कंपनीने २०१९ मध्ये लीग ऑफ लेजेंड्स या गेमसाठी आपली पद्धत जाहीर केली, तेव्हा खेळाडूंचे चार गट केले: सर्वसाधारण, कसलेले, अव्वल आणि व्यावसायिक. चारही गटांना वेगळं मोजायचं. तो गेम शूटर नाही, पण अडचण तीच.

आपल्या मोबाइलवर हे सगळं कसं दिसतं?

बीजीएमआयमध्ये बंदूक विकत घ्यावी लागत नाही, सापडावी लागते. त्यामुळे तिथे किंमतीची जागा दुर्मिळपणाने घेतली आहे. एडब्ल्यूएमसारखी एका गोळीत हेल्मेट फोडणारी स्नायपर एअरड्रॉपमध्ये येते, तीही मोजक्या गोळ्यांसह. ती घ्यायची तर सगळ्या मॅपला दिसणाऱ्या धुराकडे धावायचं, म्हणजे जीव धोक्यात. एकेएमची गोळी एम४१६ पेक्षा जास्त लागते, पण झटका आवरत नाही. एम४१६ ला सगळे सुटे भाग बसतात, म्हणून ती सगळ्यांची लाडकी.

पण मोबाइलवर एक अडचण वाढते. झटक्याची बंदूक आवरायला गायरो वापरणारा आणि स्क्रीन सहज पळणारा महागडा फोन ज्याच्याकडे आहे त्याला एकेएम आवरते. जुन्या, अडखळणाऱ्या फोनवर तीच बंदूक आभाळाकडे जाते. म्हणजे तक्त्यात आकडा एकच, पण खिशाप्रमाणे बंदूक बदलते. कंपनी गोळीचं नुकसान बॅलन्स करू शकते, फोनची किंमत नाही.

आणि मग येतो पैशाचा विषय. यूसी भरून घेतलेली ग्लेशियर एम४१६ दिसायला भारी असते, पण तिची गोळी साध्या एम४१६ एवढीच लागते. इथपर्यंत ठीक. मात्र स्किनही कधी कधी शस्त्र होते. वॉरझोनमध्ये रोझ नावाच्या पात्राचा एक काळाकुट्ट पोशाख होता. अंधाऱ्या कोपऱ्यात बसलं की दिसायचंच नाही. बरीच ओरड झाल्यावर २०२१ मध्ये तो पोशाख उजळ करावा लागला. बंदूक न बदलता पोशाख बॅलन्स केला!

आपल्याकडे या प्रश्नाला आता कायद्याचीही बाजू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा जो केंद्रीय कायदा झाला, त्यात पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता मिळाली. ई-स्पोर्ट्सच्या व्याख्येचा गाभा असा की निकाल फक्त चपळता, तल्लख डोकं, डावपेच अशा कौशल्यांवर ठरला पाहिजे. आता बघा, एखादी बंदूक इतकी भारी असेल की ज्याला ती आधी सापडली तोच जिंकतो, तर ते कौशल्य की नशीब? पैसे देऊन घेतलेल्या गोष्टीने फायदा होत असेल, तर तो खेळ की खरेदी? बॅलन्सिंग हा म्हणूनच फक्त गेमरच्या कुरकुरीचा विषय राहिलेला नाही. एखादा गेम खेळ म्हणून उभा राहतो की नाही, हे त्यावर ठरतं.

आणि ज्या पोरापोरींनी घरच्यांशी भांडून यात करिअर करायचं ठरवलंय, त्यांच्यासाठी तर हा पोटाचा प्रश्न. सहा महिने एका बंदुकीचा झटका हातात बसवायचा आणि स्पर्धेच्या तोंडावर अपडेटमध्ये तो बदलला, तर सराव पुन्हा पहिल्यापासून. शाळेच्या परीक्षेआधी सिलॅबस बदलला तर आपण ओरडतो. इथे ओरडायला कमेंट सेक्शनशिवाय जागा नाही.

पुढचं अपडेट आलं की हे बघा

एक, कंपनीने नेमके आकडे सांगितले का? 'मॅगझिन १० वरून ५' असं लिहिलं तर तुम्ही स्वतः गणित करू शकता. 'बंदुकीचा अनुभव सुधारला' असं मोघम लिहिलं असेल तर शंका घ्यायला जागा आहे.

दोन, बदल केव्हा आला? मोठ्या स्पर्धेच्या आधी की नंतर? खेळाडूंना सवय करायला वेळ दिला का?

तीन, नवी बंदूक आणि तिची विकतची स्किन एकत्र आली का? आली म्हणजे डाव आहेच असं नाही. पण ती बंदूक पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या हातात दिसली आणि विक्री झाल्यावर कमजोर झाली, तर प्रश्न विचारायलाच हवा.

आणि चार, हे स्वतःसाठी. आपली आवडती बंदूक कमजोर झाली म्हणून राग आलाय, की खरंच खेळ बिघडलाय? ऑपच्या गोळ्या निम्म्या झाल्या तेव्हाही 'आता गेम संपला' म्हणणारे होतेच. गेम संपला नाही. खेळाडू पाच गोळ्यांत मारायला शिकले.

गल्लीतला दादाही 'एक टप्पा आऊट'वर सुरुवातीला चिडायचाच. मग तो खाली मारायला शिकायचा, आणि बाकीच्यांनाही बॅटिंग मिळायची.